कर्ज चार वर्षांचं, आरसी मात्र ऑगस्ट 2027 पर्यंत

साताऱ्याच्या एका शिक्षिकेने विचारलंय: 2012 सालची पेट्रोल होंडा सिटी मिळतेय, मीटरवर 62 हजार किलोमीटर, मालक 3 लाख 10 हजार मागतोय. जवळ 2 लाख 60 हजारांची एफडी आहे. त्यातले 1 लाख 10 हजार काढायचे आणि 2 लाखांचं पर्सनल लोन 13 टक्क्यांनी चार वर्षांसाठी घ्यायचं. घरात महिना 62 हजार येतात, घरकर्जाचा हप्ता साडेअठरा हजार. शाळा कोरेगावला, रोजची एसटी. शिवाय दर दोन महिन्यांनी सासूबाईंना डोळ्यांच्या तपासणीसाठी पुण्याला न्यावं लागतं. गाडी घेऊ का?

ताई, पत्रासोबत आरसीचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत, कारण माझं उत्तर त्यातल्या एका तारखेवरच उभं आहे. गाडीची नोंदणी ऑगस्ट 2012 ची. खाजगी गाडीची आरसी पंधरा वर्षं चालते, म्हणजे ऑगस्ट 2027 ला मुदत संपणार आणि तुमचा हप्ता त्यानंतरही चालू राहणार. मुदत संपल्यावर आरटीओत गाडी तपासून पाच वर्षांचं नूतनीकरण मिळतं. त्याची फी आणि पर्यावरण कर धरून आठेक हजार जातील, ते काही फार नाहीत. पण पंधरा वर्षांची झालेली गाडी विकायला काढली की भाव एकदम खाली येतो. बँकेने तुम्हाला वाहनकर्ज न देता पर्सनल लोन दाखवलं त्याचंही कारण हेच. एवढ्या जुन्या गाडीवर बहुतेक बँका कर्ज देत नाहीत. बँकेला जी वस्तू तारण म्हणून नको, तिच्यापायी आपण एफडी मोडावी का, हा विचार जरूर करा.

आता महिन्याचा हिशोब. हप्ता 5,366 रुपये, म्हणजे चार वर्षांत नुसतं व्याज साडेसत्तावन्न हजार. रोज चाळीस किलोमीटर आणि बावीस दिवस शाळा धरली तर 880 किलोमीटर होतात. या वयाची सिटी लिटरला बारा देईल असं धरू. पेट्रोल 104 ने लावलं तर साडेसात हजारांच्या वर गेलं. एक गोष्ट विक्रेता सांगणार नाही: आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच अशा जुन्या गाड्यांचं ॲव्हरेज 6 ते 7 टक्के घटेल असं म्हटलंय. विम्यात थर्ड पार्टीचेच 3,416 अधिक जीएसटी, गाडीचं स्वतःचं नुकसान धरून वर्षाला नऊएक हजार. दुरुस्तीला महिना तीन हजार बाजूला काढायलाच हवेत. सगळं मिळून महिन्याला सतरा हजारांच्या आसपास. घरकर्जाच्या हप्त्याएवढाच दुसरा बोजा झाला की हा.

दुरुस्तीचे तीन हजार जास्त वाटतील, पण ते मी कमीच धरलेत. या सिटीचं इंजिन खरोखर दणकट आहे. त्यात ठरावीक काळाने बदलावा लागणारा टायमिंग बेल्ट नाही, टिकाऊ चेन आहे. नीट ऑइल बदललं तर वर्षानुवर्षं साथ देते. खर्च निघतो तो खालून आणि एसीतून. गाडी बुटकी, आपल्याकडचे स्पीडब्रेकर उंच, त्यामुळे चाकाला धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश आणि शॉकअप आधी जातात. क्लच, चार टायर, शॉकअप, एसीचं एखादं मोठं काम हे सगळं पहिल्या दीड वर्षात आलं तर साठ-सत्तर हजार सहज जातात. सगळंच येईल असं नाही, पण एफडी मोडून, वर हप्ता घेऊन बसलो की यातलं एकसुद्धा जड जातं.

मीटरच्या 62 हजारांवर माझा विश्वास नाही. तुम्हीच पाठवलेल्या दुसऱ्या फोटोत ब्रेकच्या पेडलचं रबर कडेने गुळगुळीत झालंय, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड दबून शिवण उसवलीय. एवढ्या कमी चाललेल्या गाडीत असं सहसा दिसत नाही. चासी नंबर देऊन सर्व्हिस सेंटरमधून जुन्या नोंदी मागवा. टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो, 3117 म्हणजे 2017 चा एकतिसावा आठवडा. असे टायर दिसले तर नक्षी कितीही शिल्लक असो, ते बदलण्याचा खर्च धराच. आणि हे मात्र विसरू नका: त्या काळातल्या होंडाच्या बऱ्याच गाड्यांत ताकाता कंपनीचे एअरबॅग फुगवणारे इन्फ्लेटर होते, ते फुटताना धातूचे तुकडे उडण्याचा धोका होता. कंपनीने ते फुकट बदलून दिले आहेत. या गाडीतले बदललेत का, ते चासी नंबरवरून कळतं. न बदललेल्या गाडीत सासूबाईंना बसवू नका.

माझं मत स्पष्ट सांगतो, ही गाडी कर्ज काढून घेऊ नका. एसटीत तुम्हाला निम्मं तिकीट आहे, त्या प्रवासाच्या जागी रोज साडेतीनशे रुपयांचं पेट्रोल जाळायचं हे मला पटत नाही. पावसाळ्यात संध्याकाळची गाडी चुकते, अंधारात स्टँडवर थांबावं लागतं, हे तुम्ही लिहिलंय आणि तो त्रास खरा आहे. त्या दिवसांपुरतं कोरेगावहून येणाऱ्या सहकाऱ्यांसोबत पेट्रोल वाटून यायचं ठरवता येतं का बघा.

जे सतरा हजार दर महिन्याला जाणार होते, त्यातले दहा हजार पुढच्या पगारापासून आरडीत टाका. अठरा महिन्यांत 1 लाख 80 हजार आणि वर व्याज. एफडीतले 1 लाख 10 हजार त्यात घातले की तीन लाखांच्या आसपास जमतात, आणि दीड लाख घरच्या अडीअडचणीला शाबूत राहतात. तेव्हा सात-आठ वर्षांची छोटी गाडी बिनकर्जाची घ्या, आरसीची निम्मी मुदत हातात असलेली. तोवर पुण्याच्या फेरीला सरळ गाडी भाड्याने करा. दोन महिन्यांतून एकदा चारएक हजार लागतील, ते उरलेल्या सात हजारांत आरामात बसतात. सासूबाईंच्या डोळ्यांत औषध घातल्यावर परतीच्या वाटेवर त्यांच्याशेजारी मागच्या सीटवर तुम्हालाही बसता येईल, स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात असेल.