उतरत्या रेषेचा 'चढ' आणि 'समांतर'मधलं अंतर

मुलुंडहून एका ताईंनी विचारलंय: "मुलगी दहावीला आहे, मराठी माध्यमात. निर्देशक भूमितीत दोन शब्दांशी ती अडली आणि तिच्यामुळे मीही. खाली जाणाऱ्या रेषेलाही 'चढ'च म्हणायचं, 'उतार' का नाही? आणि समांतर म्हणजे सारख्या अंतरावरच्या रेषा ना? मग त्या समांतर आहेत हे दाखवायला अंतर न मोजता चढ का काढायचा?"

ताई, आधी चढाचं बघू. मराठीत जोडीतल्या दोन शब्दांपैकी एकच मापाचं काम करतो, ही आपली जुनी रीत आहे. बुटक्या माणसालाही आपण "तुझी उंची किती?" असंच विचारतो. गुडघाभर पाणी असलं तरी "किती खोल आहे?" आणि झिरझिरीत कापडाचीही 'जाडी'च. इथे उंची, खोली, जाडी ही मापांची नावं आहेत, त्यात स्तुती नाही की निंदा नाही. बीजगणितातला 'चढ' याच पंगतीतला. डावीकडून उजवीकडे जाताना रेषा वर जात असेल तर चढ धन, खाली जात असेल तर ऋण. 'उतार' हा शब्द आणला असता तर 'उतार उणे दोन' म्हणजे चढणं की उतरणं, यावर वर्गात निम्मा तास गेला असता.

बोलण्यातला चढ मात्र जाणाऱ्यावर ठरतो. कर्जतहून खंडाळ्याकडे निघालेल्या गाडीला बोरघाट हा चढ आहे, आणि तो असा की मागून जादा इंजिनं लावावी लागतात. तिकडून मुंबईला येणाऱ्याला तोच घाट उतार. सर्वांत तीव्र चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. बीजगणितात हा दुजाभाव नाही. (१, ३) पासून (३, ७) कडे जा: वर ४, पुढे २, ४ भागिले २ म्हणजे चढ २. आता उलटे या, (३, ७) वरून (१, ३) ला. खाली आलात म्हणून उणे ४, पण मागेही आलात म्हणून उणे २. भागाकार पुन्हा २च. चढ रेषेचा असतो, प्रवाशाचा नाही. मुलीला हे एकदा स्वतः दोन्हीकडून करून बघू दे, मग शब्द टोचणार नाही.

दुसरे शब्दही होतेच. मोरीची फरशी बसवताना गवंडी 'ढाळ' काढतो, पण तो पाणी वाहून जाण्यापुरता, खालच्याच दिशेचा. हिंदी पुस्तकांत 'ढाल' आहे. मराठी मुलाला त्यावरून तलवारच आठवायची. विज्ञानात 'प्रवणता' चालतो. संस्कृतात 'प्रवण' म्हणजे खाली कललेला. आपल्याला तो 'अपघातप्रवण', 'दरडप्रवण' अशा पाट्यांवर भेटतो, आणि दरडीच्या पाटीवर तर तो अगदी मूळ अर्थाला धरून बसलेला असतो. मला 'चढ'च आवडतो. दोन अक्षरांत काम होतं.

आता 'समांतर'. सम अधिक अंतर, इथवर तुमची फोड बरोबर. (भाषांतर, स्थलांतर यांतलं अंतर वेगळं, तिथे त्याचा अर्थ 'दुसरं'.) म्हणजे आपल्या शब्दाने समांतर रेषांचा एक गुण उचलला: कुठेही मोजा, अंतर तेवढंच. भूमितीच्या व्याख्येने दुसराच उचलला: एकाच प्रतलात, म्हणजे एकाच सपाट पृष्ठभागावर असून एकमेकींना न छेदणाऱ्या. ग्रीक गणिती युक्लिडची व्याख्याही न भेटण्याचीच. बीजगणिताने तिसरा उचलला, चढ समान. सरळ रेषांच्या बाबतीत तिन्ही एकाच ठिकाणी पोचतात, म्हणून सोयीचा असेल तो वापरायचा.

अंतर सोयीचं का नाही, हे आकड्यांतच बघा. वाय = २एक्स + १ आणि वाय = २एक्स − ४ या दोन रेषा घ्या. घाईत मुलं म्हणतात, अंतर ५. ते उभ्याने मोजलेलं. खरं अंतर लंबाने मोजायचं, आणि ते येतं ५चं वर्गमूळ, साधारण २.२४. त्यासाठी लंब काढा, छेदनबिंदू शोधा, मग सूत्र. आणि एवढं करूनही ते एकाच जागचं अंतर झालं, दुसरीकडेही तेवढंच आहे हे दाखवायचं राहिलंच. चढ मात्र समीकरणातच लिहिलाय: एक्सच्या आधीचा २, दोन्हीकडे. शेवटचे आकडे वेगळे, म्हणजे रेषा दोन आहेत, एकावर एक बसलेली एकच नाही. संपलं.

'रेल्वेचे रूळ' हे समांतरचं ठरलेलं उदाहरण, ते जरा जपून द्यावं. गाडी वळणावर आली की दोन्ही रूळ वाकतात, त्यांच्यातलं १६७६ मिलिमीटरचं अंतर जवळपास तसंच राहतं, पण नकाशावर काढले तर चढ मात्र पावलोपावली बदलतो. शब्दाला धरून ते तिथेही समांतरच, पण 'त्यांचा चढ किती?' या प्रश्नाला एक उत्तर नाही. एक चढ फक्त सरळ रेषेला.

एक इशारा. बोलताना आपण "मरीन ड्राइव्हला चढ नाही" म्हणतो, म्हणजे रस्ता सपाट, चढ शून्य. उभ्या रेषेबद्दल मुलीने 'चढ नाही' असं लिहिलं तर वाचणारा हाच अर्थ घेईल. तिथे आडवं पुढे जाणंच शून्य, आणि शून्याने भागता येत नाही, म्हणून 'चढ ठरवता येत नाही' असंच लिहायचं. मग दोन उभ्या रेषा समांतर कशा म्हणायच्या? चढ समान असं म्हणायची सोय नाही, कारण चढ ठरवताच येत नाहीत. खिडकीतून समोरच्या टॉवरच्या दोन उभ्या कडा दाखवा तिला. तळमजल्याशी जेवढं अंतर, तेवढंच गच्चीशी. तिथे तुमची फोडच कामाला येते.