यादवीपूर्व अमेरिकेवरच्या कादंबरीत गुलाम बाळगणारा नायक वाचकाला पटेल का?

१८६१ चा व्हर्जिनिया, गुलाम बाळगणारा पण मनानं सरळ असा लष्करी अधिकारी, आणि देश की राज्य ही त्याची घालमेल. वाचकाला पटेल का, असं तुम्ही विचारलंय. पटेल की! आमच्या थोरल्या दिरांना तर कादंबरी न वाचताच पटलेली आहे.

मुलीकडे गेलो होतो तेव्हाची गोष्ट. व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनच्या टेकडीवर रॉबर्ट ली राहायचा ते घर आहे. ली म्हणजे यादवीत गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेचा सेनापती. देशाच्या, म्हणजे पुढं उत्तरेच्या बाजूनं लढलेल्या लष्कराचा राजीनामा त्यानं इथूनच धाडला, २० एप्रिल १८६१ ला. दर्शनी जाडजूड खांबांपाशी उभे राहून भाऊजी म्हणाले, "याला म्हणतात मातीचं इमान! अख्खी फौज हातात देत होते, नको म्हणाला." मी मागच्या बाजूला गेले. तिथं गुलामांच्या खोल्या आहेत. एकीत सेलिना ग्रे नवऱ्या-मुलांसह राहायची. घर सोडताना लीच्या बायकोनं किल्ल्या हिच्याकडे दिल्या. उत्तरेचे शिपाई आले, पहिले अध्यक्ष वॉशिंग्टन यांच्या घराण्याच्या जपून ठेवलेल्या वस्तू गायब व्हायला लागल्या, तेव्हा हिनं थेट उत्तरेच्याच जनरल मॅकडॉवेलकडे तक्रार नेली. म्हणजे कायद्यानं जी स्वतःच मालमत्ता, ती मालमत्तेची राखण करतेय, तीही मालकाला हुसकावणाऱ्या फौजेपासून. घालमेल हवीय ना? ही घ्या.

भाऊजींना सांगितलं, तर म्हणे, "बघ, नोकरसुद्धा किती एकनिष्ठ!"

नोकर. परतताना गाडीत मी तोंड उघडलं नाही, त्याचा राग अजून स्वतःवरच आहे. म्हणून इथं सांगते. लीचा सासरा १८५७ मध्ये वारला. पाच वर्षांच्या आत गुलाम मोकळे करा, असं त्याचं मृत्युपत्र होतं. लीनं त्यांना राबवत ठेवलं. १८५९ मध्ये वेस्ली नॉरिस बहिणीला घेऊन पळाला, पकडला गेला. पन्नास फटके, वर पाठीवर मिठाचं पाणी, असं त्यानंच १८६६ मध्ये सांगितलंय. आणि "व्हर्जिनियाचा माणूस दुसरं काय करणार" हेही नको. जनरल जॉर्ज थॉमस व्हर्जिनियाचाच होता, उत्तरेकडून लढला.

तुमचा नायक राहू दे. पण किल्ल्यावालीला तिची स्वतःची प्रकरणं द्या, आणि तिच्या तोंडी सारखं "जी मालक" घालू नका.

भाऊजींच्या बाजूनं एक कबूल करते: डिसेंबर १८६२ मध्ये लीनं मुक्तीच्या कागदांवर सही केली. मुदत ऑक्टोबरात संपली होती.