आईबाप वेगळे झाले म्हणून पोट्टा हातून जातो का?

प्रश्न असा आहे: बहीण नवऱ्यापासून वेगळी होऊन नागपुरात भाड्याने राहते, 14 वर्षांचा मुलगा तिच्याजवळ आहे, आणि नातेवाईक म्हणतात की बापाचा धाक नाही, पोट्टा वाया जाणार. यात तथ्य किती?

फार कमी. लंडनमधल्या 411 मुलांचा 1961 पासून कित्येक दशकं पाठपुरावा झाला. आईबाप वेगळे झाल्यावर आईजवळ राहिलेली मुलं त्यात शांत, एकत्र घरांतल्या मुलांपेक्षा जास्त गुन्हेगार निघाली नाहीत. उलट एकत्र राहून सतत भांडणाऱ्या घरांतलं प्रमाण सगळ्या मोडलेल्या घरांच्या एकूण प्रमाणाएवढं, म्हणजे शांत घरांपेक्षा जास्त होतं. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे पाहा: पकडलेल्या मुलांपैकी फार मोठा भाग आईवडिलांजवळच राहणारा असतो. बेघर, अनाथ मुलं त्यात थोडी.

तरीही गुन्ह्यात सापडलेल्या मुलांची प्रकरणं चालवणाऱ्या बाल न्याय मंडळापुढे मुलाच्या घरादाराची माहिती देणारा जो सामाजिक तपासणी अहवाल जातो, त्यात एक वाक्य ठरलेलं असतं: 'आईवडील विभक्त, आई कामावर, मुलाकडे दुर्लक्ष.' माझं भांडण या वाक्याशी आहे. हा अहवाल लिहिणाऱ्या परिवीक्षा अधिकाऱ्याला (प्रोबेशन ऑफिसर) 15 दिवस मिळतात. हातात इतर प्रकरणंही असतात, म्हणून गृहभेट होते सकाळी अकराला. तेव्हा आई बुटीबोरीच्या कंपनीत, नाहीतर कोणाकडे धुणीभांडी करायला गेलेली. दाराला कुलूप. मग शेजारीण सांगेल ते खरं. ज्या घरात बाप ऑटो चालवून रात्री पिऊन मारतो, तिथे मात्र 'पालक: दोघेही, एकत्र' असं छान लिहून होतं.

भेट रात्री आठनंतर व्हायला हवी. 'लक्ष देता का?' हा प्रश्न कुचकामी आहे, 'हो' म्हणणार नाही अशी आई नाही. काल सहा ते दहा पोरगा कुठे होता आणि ते कोणाला ठाऊक होतं, हे विचारा. त्याच्या तीन मित्रांची नावं आणि घरं आईला सांगता येतात का? मागच्या वेळी उशिरा आला तेव्हा काय शिक्षा झाली, त्याआधी त्याच चुकीला काय झाली? एकदा पट्टा आणि एकदा काहीच नाही, असं उत्तर आलं की सावध व्हावं. खर्ऱ्याला पैसे कोण देतं, हातातला मोबाइल कुठून आला, पानठेल्यावर सोबत बसणारे वयाने किती मोठे?

मग शाळेचं हजेरीपत्रक. सलग गैरहजेरी कोणत्या महिन्यात सुरू झाली ते शोधून बाप घर सोडून गेल्याच्या तारखेशेजारी ठेवा. गैरहजेरी आधीची असेल, तर घटस्फोटावर खापर फोडता येत नाही. शाळा सोडण्याच्या कारणांत अपमान, मारहाण, शिकवण्याची भाषा हेही रकाने अहवालाच्या नमुन्यात आहेत. ते भरायचे कष्ट क्वचित घेतले जातात.

हा कोरडा कागदी वाद नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्यात कलम 12 प्रमाणे जामीन हा नियम आहे. सुटल्यावर गुन्हेगारांची संगत किंवा नैतिक, शारीरिक, मानसिक धोका संभवतो, असं दिसलं तर तो नाकारता येतो. 'आई एकटी' एवढ्यावर तो धोका गृहीत धरला की पोरगं निरीक्षणगृहात (चौकशी चालू असताना अशा मुलांना ठेवतात तिथे) जातं, आणि संगत तिथेच मिळते.

घराचा परिणाम होतच नाही, असं नव्हे. बॉस्टनमधल्या 500 गुन्हेगार आणि 500 इतर मुलांची ग्लुएक या संशोधक दांपत्याने जमवलेली माहिती पुढे सॅम्पसन आणि लॉब या अभ्यासकांनी नव्याने तपासली. गरिबीचा परिणाम बराचसा घरातूनच पोचतो, असं दिसलं: लहरी आणि कडक शिक्षा, कमी देखरेख, तुटलेला जिव्हाळा. धाक यात कुठेच नाही. घरातल्या मोठ्यांचे गुन्हे मात्र जड पडतात. लंडनच्या त्याच अभ्यासात जवळजवळ निम्म्या शिक्षा सुमारे 6 टक्के कुटुंबांत एकवटल्या होत्या. मामा-काका, चुलतभाऊ कोण आहेत, हे बापाच्या गैरहजेरीपेक्षा आधी पाहा.

हे दोन्ही अभ्यास परदेशातले, जुने आणि मुलग्यांचे आहेत. मुलींना हे जसंच्या तसं लावू नका. आपले आकडेही फक्त पकडल्या गेलेल्यांचे.

बहिणीसाठी सांगायचं तर कामाची पाळी आणि शाळा सुटण्याची वेळ यांतली पोकळी भरा. रोज तीच व्यक्ती, तोच नियम. उद्या काही झालंच, तर मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, 24 तासांत मंडळापुढे न्यावं लागतं, आणि बोलणी ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याशी करायची. अहवालासाठी कोणी येणार असेल तर वेळ बहिणीनेच रात्री आठनंतरची मागावी. देखरेख कोण करतं, असं विचारलं की ती कामावर असताना पोरावर नजर ठेवणाऱ्या आजीचं किंवा शेजारच्या काकूंचं नाव सांगून ते अहवालात लिहायलाच लावावं. त्या काकूंना त्या वेळी घरी बोलावून ठेवलं तर आणखी बरं.