‘आईबापांनीच केलं’: व्हिडिओ पुन्हा चढवण्याआधी तारीख बघा

प्रश्न (थोडक्यात): नाशिकहून गुन्हेकथांचं मराठी यूट्यूब चॅनल चालवतो. पोर्तुगालमधून २००७ मध्ये नाहीशी झालेल्या मॅडेलिन मॅक्कॅन या लहान ब्रिटिश मुलीच्या प्रकरणावर ऑक्टोबर २०२२ मध्ये तीन भाग केले होते. मुलगी नाहीशी होण्यामागे आईवडीलच आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. ‘ब्रिटनमधून नोटीस येईल’ असं एका प्रेक्षकाने लिहिल्यावर तिन्ही भाग डिलीट केले. आता ते जोडून इंग्रजी सबटायटल्ससह एकच मोठा भाग टाकायचा आहे. लंडनचा मावसभाऊ इंग्रजी आवाजातली आवृत्ती त्याच्या चॅनलवर टाकेल. हेच म्हणणारं पुस्तक पोर्तुगालच्या सर्वोच्च न्यायालयाने आणि युरोपीय न्यायालयाने मान्य केलं आहे. मग आम्हाला काय धोका? ‘कोणाच्या बदनामीचा हेतू नाही’ अशी पाटी सुरुवातीला टाकली तर पुरेल का?

उत्तर: जुन्या तीन भागांवरून आज कोणी तुम्हाला कोर्टात खेचायचं म्हटलं, तरी त्याच्या हाती फारसं काही लागणार नाही. नवा भाग चढवलात की ती संधी तुम्ही स्वतःहून त्याच्या हातात द्याल.

बदनामीच्या नुकसानभरपाईचा दिवाणी दावा आपल्याकडे मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षात लावावा लागतो. मुदत कायदा १९६३, अनुच्छेद ७५. इंग्लंडमध्येही एकच वर्ष आहे, त्यांच्या १९८० च्या मुदत कायद्याचं कलम ४अ. फौजदारीचं म्हणाल, तर २०२२ च्या मजकुराला जुनं भारतीय दंड विधान लागतं. कलम ५०० ची कमाल शिक्षा दोन वर्षं, म्हणून कोर्टाने दखल घेण्याची मुदत तीन वर्षं. ती ऑक्टोबर २०२५ मध्ये सरली. उशीर माफ करण्याचा अधिकार दोन्ही देशांतल्या कोर्टांना काही प्रमाणात आहे. तो तुमच्याविरुद्ध वापरला जाईल असं मला वाटत नाही, पण जाणारच नाही असं लिहून देणार नाही.

आता नव्या भागाकडे या. इंग्लंडच्या २०१३ च्या बदनामी कायद्यात कलम ८ आहे. एकाच माणसाने तोच किंवा जवळपास तोच मजकूर पुन्हा प्रसिद्ध केला, तर मुदत पहिल्या तारखेपासूनच मोजायची, असं ते सांगतं. ऐकायला तुमच्या सोयीचं वाटेल, पण त्याला दोन अटी आहेत. पहिली, प्रसिद्ध करणारा माणूस तोच हवा. मावसभावाने आजवर काहीच प्रसिद्ध केलेलं नाही, त्यामुळे त्याच्या चॅनलवरचा व्हिडिओ ही त्याची पहिली प्रसिद्धी आणि त्याचं वर्ष त्या दिवसापासून कोरं. दुसरी, प्रसिद्धीची पद्धत मूळ पद्धतीहून ठळकपणे वेगळी नको. मजकूर किती ठळकपणे मांडला आणि किती लोकांपर्यंत गेला, हे यात बघितलं जातं. मराठी कळणाऱ्या काही हजार लोकांपुरती असलेली गोष्ट इंग्रजी सबटायटल्स लावून जगापुढे ठेवली, तर ‘पद्धत तीच आहे’ हे कोणत्या तोंडाने सांगणार?

आपल्याकडे असं कलमच नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये खवर बट प्रकरणात म्हटलं की, इंटरनेटवर नुसता पडून राहिलेला मजकूर रोज नवी मुदत जन्माला घालत नाही. मुंबई उच्च न्यायालयावर तो निकाल बंधनकारक नाही, मन वळवण्यापुरता उपयोगी आहे. आणि ज्याने मजकुराला हात लावला नाही, त्याच्यासाठी तो आहे. काढून टाकलेला मजकूर दोन-चार वर्षांनी नव्या रूपात मुद्दाम चढवणाऱ्याला त्याचा आधार मिळणं कठीण. शिवाय १ जुलै २०२४ नंतरच्या प्रसिद्धीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ लागेल, म्हणजे फौजदारीची तीन वर्षंही नव्याने सुरू.

डिलीट करण्याच्या घाईबद्दल बोललंच पाहिजे, कारण हा मूर्खपणा सर्रास चालतो. मुदतीचा बचाव घ्यायचा तर मजकूर अमुक तारखेला प्रसिद्ध झाला हे दाखवावं लागतं. ते दाखवणारी मूळ पानंच तुम्ही पुसून टाकलीत. व्हिडिओ ‘प्रायव्हेट’ केला असता तर लोकांना दिसला नसता आणि अपलोडची तारीख जागेवर राहिली असती. (‘अनलिस्टेड’ने भागत नाही; लिंक असणाऱ्याला तो दिसतच राहतो.) आता जे उरलंय ते गोळा करा: भागाचं नाव असलेले यूट्यूबचे कमेंटचे ईमेल, त्या महिन्यांची अॅडसेन्सची विवरणं, व्हॉट्सअॅपवर लिंक पाठवल्याचे संदेश, एडिटिंगच्या मूळ फाइली. हे नुसतं छापून कोर्टात चालत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) खालचं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक तुम्ही भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा, लिहावी लागते. ती आजच काढून ठेवा. फाइल नंतर उघडून सेव्ह केलीत तर आकडा बदलेल आणि उलटतपासणीत समोरच्या वकिलाचं आयतं फावेल.

जुन्या भागावर कोणी दावा लावलाच तर? तो मुदतबाह्य असल्याचं वादपत्रावरूनच दिसत असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ नियम ११ खाली ते नामंजूर करून घेता येतं. पण तारखेचा वाद निघाला की न्यायाधीश ‘हा पुराव्याचा प्रश्न’ म्हणून तो मुद्दा शेवटावर ढकलतात. शेवट कधी येतो, हे आपल्या जिल्हा न्यायालयांत चपला झिजवलेल्यांना विचारा.

मावसभावाची भूमिका तुम्हाला मदतीची वाटते. माझ्या मते या योजनेतली सर्वांत धोक्याची गोष्ट तीच आहे. त्याच २०१३ च्या कायद्याचं कलम ९ ब्रिटनबाहेर राहणाऱ्यांना बऱ्यापैकी संरक्षण देतं. मजकूर जिथे जिथे प्रसिद्ध झाला, त्या सगळ्या ठिकाणांपैकी इंग्लंड-वेल्स हेच सर्वांत योग्य ठिकाण असल्याचं कोर्टाला स्पष्ट पटलं, तरच अशा माणसावर तिथे दावा चालतो. नाशिकच्या माणसाच्या मराठी व्हिडिओबाबत ते पटवणं अवघड आहे. लंडनला राहणाऱ्या मावसभावाला हे कलम लागूच होत नाही. त्याच्यावर सरळ दावा लागेल, आणि व्हिडिओची संहिता (स्क्रिप्ट) तुमची म्हणून तुम्हालाही त्यात ओढायचा प्रयत्न होईल.

‘लंडनचा हुकूमनामा नाशिकला कोण विचारतो’ असं कोणी सांगितलं असेल तर त्याला दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ४४अ वाचायला द्या. ब्रिटन आपल्यासाठी परस्पर मान्यतेचा देश आहे. तिथल्या वरिष्ठ न्यायालयाच्या पैशाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत आणि किती रक्कम वसूल झाली याचा दाखला जिल्हा न्यायालयात दाखल केला, की वसुलीची दरखास्त इथलाच हुकूमनामा असल्यासारखी चालते. कलम १३ खाली आक्षेप घेता येतात. अधिकारक्षेत्र नव्हतं, किंवा निकाल गुणवत्तेवर (म्हणजे मूळ वाद तपासून) झालेला नाही, हे त्यातले नेहमीचे. एकतर्फी हुकूमनामा गुणवत्तेवरचा की नाही, हे त्या कोर्टाने पुरावा तपासला का यावर ठरतं. म्हणून समन्स आलं की गप्प बसायचं, हा डाव खात्रीचा नाही.

पोर्तुगालच्या निकालांबद्दल तुमची समजूत अर्धवट आहे. मॅडेलिन ३ मे २००७ रोजी पोर्तुगालमधल्या प्राया दा लूझ इथून नाहीशी झाली. आईवडिलांना ७ सप्टेंबर २००७ ला ‘आर्गिदो’ म्हणजे औपचारिक संशयित ठरवलं गेलं. २१ जुलै २००८ ला पुराव्याअभावी तपास बंद झाला आणि तो दर्जाही गेला. तपासावरून ऑक्टोबर २००७ मध्ये दूर केलेल्या अधिकाऱ्याचं, तुम्ही म्हणता ते पुस्तक त्यानंतर तीनच दिवसांनी आलं. लिस्बनच्या न्यायालयाने २०१५ मध्ये आईवडिलांना प्रत्येकी अडीच लाख युरो मंजूर केले, २०१६ मध्ये अपिलात ते रद्द झाले, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल कायम ठेवला. तो ठेवताना त्याने म्हटलं की, आईवडिलांचा गुन्हा शाबीत झाला की नाही हा आमच्यापुढचा प्रश्न नाही. आमच्यापुढे आहे तो लेखकाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा. स्ट्रासबर्गच्या न्यायालयाने, म्हणजे तुम्ही म्हणता त्या युरोपीय न्यायालयाने, २० सप्टेंबर २०२२ ला एवढंच ठरवलं की, पोर्तुगीज न्यायालयांनी आईवडिलांच्या खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग केलेला नाही. पुस्तकातला आरोप खरा आहे असं कोणत्याही कोर्टाने म्हटलेलं नाही. तुम्ही त्या दाव्यात पक्षकारही नव्हतात.

उलट ब्रिटनमध्ये काय झालं? पोर्तुगीज वृत्तपत्रांतल्या बातम्यांवर विसंबून डेली एक्सप्रेस आणि डेली स्टार यांनी शंभराहून अधिक मजकूर छापले. १९ मार्च २००८ ला दोघांनीही पहिल्या पानावर माफी छापली आणि त्या समूहाने मुलीच्या शोधनिधीला साडेपाच लाख पौंड दिले. मुलगी नाहीशी झाली त्या रात्री आईवडिलांसोबत जेवणाऱ्या सात मित्रांना त्याच समूहाने ऑक्टोबरमध्ये पावणेचार लाख दिले. ‘तिकडे छापून आलं होतं, मी फक्त सांगितलं’ हा बचाव कायद्यात नाही. दुसऱ्याची बदनामी पुन्हा सांगणारा ती स्वतः करतो.

सोबत पाठवलेल्या संहितेत सर्वांत घातक वाक्य दुसऱ्या भागात आहे: ‘गाडीच्या डिकीत मॅडेलिनचा डीएनए जुळला.’ ही गाडी आईवडिलांनी मूल नाहीसं झाल्यावर तीन आठवड्यांहून अधिक काळाने भाड्याने घेतलेली होती. बर्मिंगहॅमच्या फोरेन्सिक सायन्स सर्व्हिसच्या तज्ज्ञाने सप्टेंबर २००७ मध्ये लिहिलं होतं की, मुलीच्या प्रोफाइलमधले १९ पैकी १५ घटक त्या नमुन्यात दिसतात. तुम्ही तिथेच थांबलात. त्याने पुढे लिहिलं आहे की, नमुन्यात एकूण ३७ घटक आहेत, ते किमान तीन माणसांचे आहेत, आणि अर्थ लावता येणार नाही इतकं ते मिश्रण गुंतागुंतीचं आहे. ‘आईवडिलांनी मुलांना एकटं ठेवून जेवायला जायला नको होतं’ हे मत आहे, आणि मुलं एकटी होती ही गोष्ट त्यांनी स्वतः मान्य केलेली आहे. तसं मत प्रामाणिक मताच्या बचावात बसतं. ‘डीएनए जुळला’ हे वस्तुस्थितीचं विधान आहे आणि ते चुकीचं आहे. त्याच्यावर उभारलेलं मतही त्याच्याबरोबर पडतं.

डिकीतल्या पुराव्याचा भरवसा वाटत असेल तर ऑस्ट्रेलियाचं अझारिया चेंबरलेन प्रकरण काढून बघा. १९८० मध्ये उलुरू या प्रसिद्ध खडकाजवळच्या तंबूंच्या तळावरून तान्ही मुलगी नाहीशी झाली आणि १९८२ मध्ये आईला खुनासाठी जन्मठेप झाली. कारमध्ये ‘तान्ह्या बाळाचं रक्त’ म्हणून जे सांगितलं गेलं, ते पुढे गाडीचा आवाज दाबण्यासाठी फवारलेलं रसायन निघालं. १९८८ मध्ये शिक्षा रद्द झाली. मुलीला डिंगोने (तिथल्या जंगली कुत्र्याने) नेलं, असा मृत्यू-चौकशीचा अंतिम निष्कर्ष यायला २०१२ उजाडलं.

हेतू नसल्याच्या पाटीबद्दल: दिवाणी दाव्यात हेतू लागतच नाही. फौजदारीत ‘बदनामी होईल हे माहीत होतं किंवा तसं मानायला कारण होतं’ एवढ्यानेही भागतं. उलट अशी पाटी लावणाऱ्याला धोक्याची कल्पना होती, हेच तिच्यावरून दिसतं. शीर्षकात प्रश्नचिन्ह टाकूनही सुटका नाही.

इंग्लंडमध्ये गंभीर हानी दाखवावी लागते, आणि मराठी भागाने ती झाली असं दाखवणं वादीला जड जाईल. म्हणून विषय करायचाच असेल तर मराठीतच, तुमच्याच चॅनलवर, पूर्ण नव्या संहितेवर करा. आईवडिलांवर संशय कसा आला, कोणत्या तारखेला औपचारिक झाला, कोणत्या तारखेला उठला, प्रयोगशाळेचं ते वाक्य अर्धवट कसं पसरलं, यातलं सगळं कागदांवर आहे. ‘त्यांनीच केलं’ आणि त्या अर्थाचं सगळं काढा. थंबनेलवरचा आईचा फोटो आणि त्याखालचे ‘खुनी?’ हे शब्द आधी काढा. निम्मे लोक तेवढंच बघतात.

तरीही इंग्लंडमधून वकिलाचं पत्र आलंच, तर तिथल्या दावापूर्व नियमांनुसार साधारण १४ दिवसांत उत्तर अपेक्षित असतं. त्या घाईत हमीपत्रावर सही करू नका. ब्रिटनमधल्या एका निवृत्त वकिलाने याच प्रकरणात आरोप पुन्हा न करण्याची हमी २००९ मध्ये हायकोर्टाला दिली होती. ती मोडल्यावर २०१३ मध्ये त्याला अवमानाबद्दल तीन महिन्यांची निलंबित कैद झाली. हमीत कोणते शब्द आहेत, ती जुन्या लिंक आणि तुमच्या कमेंट्सनाही लागते का, किती काळ लागते, हे वाचून घ्या.

मावसभावाला इंग्रजी आवृत्ती करायचीच असेल, तर रेकॉर्डिंगच्या आधी त्याने तिथल्या सॉलिसिटरला संहिता दाखवावी. ती फी तासावर असते. ती कोण भरणार, हे तुम्ही दोघांनी आधीच ठरवून ईमेलवर लिहून ठेवा.