गोल्डन स्टेट वॉरियर्स या एनबीए बास्केटबॉल टीमचा मालक जो लेकब याने इतकी वर्षं टीमवर पैसा ओतला, मग 2023 चा नवा सीबीए, म्हणजे लीग आणि खेळाडूंमधला करार, आल्यावर त्याचा धीर सुटला का?

धीर नाही सुटला, नियम बदलला. लोक या दोन गोष्टींची सरमिसळ करतात तेव्हा माझं डोकं फिरतं, कारण नेमकं यावरूनच माझं आणि माझ्या मावसभावाचं, म्हणजे दादाचं, बिनसलंय.

मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला डब्यांचं किचन चालवतो, आधी दादाही त्यात भागीदार होता. 2020 च्या मार्चमध्ये ऑफिसं बंद झाली आणि 85 डब्यांवरून आम्ही 11 वर आलो. दिवाळीच्या फराळाने जरा हात दिला, पण दिवाळी सरली आणि परत शुकशुकाट. त्याच आठवड्यात, 18 नोव्हेंबरला, वॉरियर्सच्या क्ले थॉम्पसनची घोट्यामागची अकिलीस शीर फाटली, आधीचा अख्खा सीझन गुडघ्यामुळे गेलेला, आता हाही गेला. दुसऱ्या दिवशी रात्री दादा चकल्यांचे उरलेले डबे बाजूला सारून हिशोबाची वही उघडून बसला आणि पोळ्या करणाऱ्या मावशींच्या पगाराभोवती त्याने लाल पेनाने गोल काढला. मावशी तिथेच ओटा पुसत होत्या, मान वर न करता, एकच जागा परत परत. त्यांना सगळं ऐकू जात होतं. पोळ्या लाटायला दुसरं माणूस मिळेल म्हणे. मिळतं का असं माणूस? चार वर्षं त्यांच्या हातची चव लोकांच्या तोंडात बसलेली.

आणि तेव्हाच बातमी आली की वॉरियर्स क्लेच्या जागी केली ऊब्रे या खेळाडूला घेतायत. पगार साधारण 1.44 कोटी डॉलर, पण टीमचे एकूण पगार लीगच्या टॅक्सच्या रेषेच्या वर असल्याने तेव्हाच्या हिशोबाने तो एकटा टॅक्स धरून 8 कोटींच्या वर पडणार होता. आदल्या सीझनला 15 मॅच जिंकून 50 हरलेली टीम, त्यांचं स्टेडियम चेस सेंटर रिकामं, तिकिटाचा पैसा नाही आणि तरी लेकब खर्च करतोय. मी फोन दादापुढे धरला. तो म्हणाला, "तो अब्जाधीश आहे, त्याची उदाहरणं मला देऊ नकोस." जानेवारीत त्याने आपला भाग काढून घेतला. मावशी आजही आहेत.

2022 ला टायटल आलं. त्या सीझनला पगार 17.5 कोटींच्या आसपास आणि वर टॅक्स जवळजवळ 17 कोटी डॉलर. टॅक्स अन्यायकारक आहे असं लेकब जाहीर बोलला म्हणून लीगने त्याला 5 लाखांचा दंडही केला. पण तोपर्यंत नियम साधा होता, पैसे मोजा आणि आपली माणसं ठेवा.

नव्या करारात दुसरा एप्रन आला, म्हणजे टॅक्सच्या रेषेच्याही वर पगारांची आणखी एक रेषा. ती रेषा ओलांडली की नुसता टॅक्स नाही, ट्रेडमध्ये दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, मिड-लेव्हल, म्हणजे नवा खेळाडू घ्यायची सवलत, जाते, सात वर्षांनंतरच्या ड्राफ्टमधला पहिल्या फेरीचा पिक, म्हणजे नवा खेळाडू निवडायचा हक्क, गोठतो, ट्रेड करता येत नाही. खरे चटके 2024 च्या उन्हाळ्यापासून बसायला लागले. आणि त्याच्या आधीच्या सीझनला लेकबने काय केलं? परत 17 कोटींच्या वर टॅक्स भरला! शेवट काय झाला तर सॅक्रामेंटोत किंग्जकडून प्ले-इनला, म्हणजे प्लेऑफमध्ये शिरायच्या मॅचला, 118-94 ने हार, क्लेचे दहाच्या दहा शॉट चुकले. किंग्जचे मालक विवेक रणदिवे, मुंबईत जन्मलेले आणि आधी वॉरियर्सचेच एक भागीदार, एरवी मला त्यांचं कौतुक आहे पण त्या रात्री जेवण गेलं नाही.

जुलैत क्ले डॅलसला गेला आणि दादाचा मेसेज आला, "बघ, तुझ्या लेकबनेही शेवटी पगार कापलाच."

नाही दादा. वॉरियर्स दुसऱ्या एप्रनच्या रेषेखाली आले म्हणूनच फेब्रुवारी 2025 मध्ये स्टार खेळाडू जिमी बटलर आणता आला. त्याचा पगार 4.88 कोटी, बदल्यात दिलेल्या विगिन्सचा 2.63. विगिन्सच्या पगाराला इतरांचे पगार जोडले तेव्हा बटलरच्या पगाराशी हिशोब जुळला. दुसऱ्या एप्रनच्या वर असते तर हे जोडणंच बंद होतं, आणि एकट्याने बटलरला पुरेल एवढा पगार टीममध्ये फक्त स्टेफ करीचा होता. पैसा नसणं वेगळं आणि मोजलेल्या पैशाने काही विकत न मिळणं वेगळं. तू वही बंद केलीस तेव्हा तुझ्यावर कुठलाही नियम आलेला नव्हता.

आता हेही मान्य करतो की लेकबने धर्मादाय केलेला नाही, 2010 ला 45 कोटींना घेतलेल्या टीमची किंमत कित्येक पट झाली आणि चेस सेंटरच्या एकेका प्लेऑफ मॅचची कमाई दांडगी असते. ऊब्रेही फारसा चालला नाही, एका सीझनमध्ये गेला. आणि माझ्या बायकोची नोकरी चालू होती म्हणून मला मावशींचा पगार देता आला, दादाच्या घरी तेव्हा एकच पगार होता.

तरी तो लाल गोल त्याने मावशींच्या समोर काढायला नको होता.