२००१ ची होंडा एस२००० घेऊ की २००६ ची?

तुम्ही न्यू जर्सीत राहता, आजवर सिव्हिकच चालवलीत आणि आता हौसेची गाडी म्हणून एस२००० बघताय, म्हणजे होंडाची दोन सीटची, छत उघडणारी स्पोर्ट्स कार. २००१ ची साठ हजार मैल झालेली, २००६ ची पंच्याण्णव हजार, किंमत जवळपास सारखी. कमी पळालेली घ्यावी का, असं विचारलंय.

माझं मत २००६ ला. आधी माझ्याकडे २००२ ची होती, आता २००७ ची आहे, त्यामुळे दोन्हींचे गुण-अवगुण अनुभवलेत.

जुन्या मॉडेलचे भक्त म्हणतील, खरी एस२००० ती २००३ पर्यंतचीच. त्यात तथ्य आहे. ते २.० लिटर इंजिन जवळपास ९,००० आरपीएमपर्यंत चढतं आणि सहा हजारांच्या आसपास व्हीटेक (जास्त आरपीएमला व्हॉल्व्ह अधिक उघडणारी होंडाची यंत्रणा) लागलं की आवाजच पालटतो. अमेरिकेत २००४ पासून २.२ लिटर आलं, रेडलाइन (आरपीएमची कमाल मर्यादा) ८,००० वर उतरली, पण टॉर्क (इंजिनचा ओढायचा जोर) १५३ वरून १६२ पाउंड-फूट झाला आणि तोही जरा खालीच मिळतो. गावातल्या ट्रॅफिकमध्ये तुम्हाला हेच जास्त उपयोगी पडेल. २४० ऐवजी २३७ हॉर्सपॉवर लिहिलेले दिसतील, तिकडे दुर्लक्ष करा. २००६ ला मोजायची पद्धत बदलली, इंजिन तेच आहे.

खरा मुद्दा मागच्या चाकांचा. सिव्हिकमध्ये वळणावर घाबरून अॅक्सिलरेटर सोडला तर फार काही होत नाही. जुन्या एस२००० मध्ये, विशेषतः ओल्या रस्त्यावर, तेवढ्यानेच मागची बाजू झटकन बाहेर येते आणि सावरायला वेळच देत नाही. २००४ ला होंडाने मागचं सस्पेन्शन बदलून हा तापटपणा बराच कमी केला. २००६ पासून स्टॅबिलिटी कंट्रोलही आलं, म्हणजे गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा. हवं तेव्हा बंद करता येतं, पण पहिलं वर्ष नका करू.

शिवाय २००१ ला मागची काच नाही, प्लॅस्टिक आहे. ते पिवळं पडतं आणि थंडीत छत दुमडताना तडकतं. काच २००२ पासून आली. सुरुवातीच्या गाड्यांचा दुसरा गिअरही टाकताना खरखरतो.

आणि ते साठ हजार मैल. गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीचे टायर नवे दिसतात, पण त्यांच्या कडेवरचा चार आकडी छाप वाचा: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३११४ असेल तर तो टायर २०१४ चा. नक्षी कितीही खोल असो, रबर दगड झालेलं असतं. वर सांगितलेल्या मागच्या बाजूखाली असले टायर म्हणजे आगीत तेल.

२००६ पसंत पडली तरी डोळे झाकून घेऊ नका. मालकाला आधीच सांगा की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. थंड इंजिन सुरू होताच पुढून कर्रर्र आवाज आला तर टायमिंग चेनचा टेन्शनर (इंजिनमधली साखळी ताणून धरणारा भाग) गेलाय. काम किरकोळ आहे, पण किंमत पाडायला बरं. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) स्वतः काढून बघा, कारण ही इंजिनं ऑइल पितात आणि बरेच मालक तिकडे ढुंकून बघत नाहीत. बॉनेट, फेंडर, दरवाजे, डिकी या सगळ्यांवर व्हीआयएनचे (गाडीच्या ओळख क्रमांकाचे) छोटे स्टिकर असतात. एखाद्यावर नसेल तर तो भाग बदललेला किंवा रंगवलेला आहे, मग गाडीच्या इतिहासाच्या रिपोर्टमध्ये अपघात नसला तरी. शेवटी तुमच्या ओळखीच्या मेकॅनिककडून कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन टेस्ट करून घ्या, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब नीट टिकतो का ते कळेल. चुकून खालचा गिअर पडून इंजिन मर्यादेबाहेर फिरलं असेल, तर व्हॉल्व्हच्या रिटेनरला (व्हॉल्व्हची स्प्रिंग धरून ठेवणाऱ्या चकतीला) तडा जाऊ शकतो आणि नुकसान पुढे कधीतरी बाहेर येतं. जुन्या मॉडेलला हा धोका जास्त.

टेस्टला मालक नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा. आणि हो, सीट दोनच आहेत. आई-बाबा भारतातून आले की विमानतळावर न्यायला सिव्हिकच लागेल, ती विकू नका.