प्रश्न तुमचा : लिनोच्या रेषा का बुजतात?

प्रश्न : मी नवशिक्यांसाठी लिनोछपाईची (लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून, त्यावर शाई लावून कागदावर ठसा घेण्याची) ३ तासांची कार्यशाळा घेते. बहुतेकांच्या ठशात बारीक रेषा बुजतात आणि मोठे काळे भाग मात्र ठिपकेदार उमटतात. शाई वाढवावी की कमी करावी?

उत्तर : कमी करा. रेषा बुजल्या की शाई जास्त झाली, हे जवळपास ठरलेलंच. काचेवर शाईची एक बारीक रेघ ओढून रोलर उभा-आडवा फिरवा आणि मधे मधे उचला, म्हणजे थर सगळीकडे सारखा बसतो. थर जमला की बारीक चरचर ऐकू येते आणि शाई मखमलीसारखी दिसते. संत्र्याच्या सालीसारखे खड्डे दिसले, पचपच आवाज आला, तर खरवडून काढा. लिनोवर एक जाड थर देण्यापेक्षा ४-५ पातळ हात द्या.

ठिपक्यांचं मूळ कागदात किंवा दाबात असतं. ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) खडबडीत कागद हाताच्या दाबाने नीट उमटत नाही. ८० ते १२० जीएसएमचा गुळगुळीत घ्या. चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे, छोट्या गोलांत घासा. एक कोपरा उचलून पाहा; फिकं दिसलं तर कागद तसाच परत टेकवून तिथे पुन्हा घासा. पहिला ठसा बहुधा फिकाच येतो, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर माणसं तिथेच हिरमुसतात.

जलशाई वापरत असाल तर पंखा बंद ठेवा, ती काचेवरच सुकते. आणि कोरताना लिनो धरणारा हात कायम कोरणीच्या मागे हवा. यात अजिबात सूट देऊ नका.